लातूर पॅटर्न आणि मराठवाड्यातील उच्च शिक्षणाची पूर्वतयारी : एक ऐतिहासिक अभ्यास
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात एखाद्या शहराचे नाव अध्यापनपद्धतीला मिळाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. ‘लातूर पॅटर्न’ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. बारावीच्या परीक्षेत व वैद्यकीय, अभियांत्रिकी प्रवेशात लातूरच्या विद्यार्थ्यांनी मिळविलेल्या यशामुळे हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. त्याची भरपूर स्तुती झाली, तशीच ‘गुणांचा कारखाना’ म्हणून त्याची संभावनाही झाली. स्तुती व टीका या दोन्हींत एक उणीव राहून गेली. हा पॅटर्न मराठवाड्यासारख्या मागास विभागातच का जन्माला आला, त्याआधी या विभागात महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्वतयारी कशी होत होती आणि पुढे त्याचे स्वरूप का पालटले, या प्रश्नांचा विचार इतिहासाच्या अंगाने फारसा झाला नाही.

प्रस्तुत निबंधात नांदेड व लातूर या दोन शहरांच्या संदर्भात या प्रश्नांची मांडणी केली आहे. लातूर पॅटर्न ही केवळ गुणवाढीची युक्ती नव्हती. प्रादेशिक अनुशेषाला एका अनुदानित महाविद्यालयाने दिलेले ते उत्तर होते. मात्र परीक्षेचे स्वरूप बदलताच या उत्तराची सूत्रे महाविद्यालयाच्या हातून निसटली, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. निजामकालीन पार्श्वभूमी

१९४८ पर्यंत मराठवाडा हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ती भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू व कन्नड भाषक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मातृभाषेऐवजी दुसरी एक भाषा शिकणे ही महाविद्यालयाच्या दारात पाऊल टाकण्याची पहिली अट ठरली. मराठवाड्यात औरंगाबाद येथे १९२३ मध्ये इंटरमिजिएट कॉलेज सुरू झाले. त्यापुढील शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना हैदराबाद गाठावे लागे, किंवा संस्थानाबाहेर पुणे, नागपूर येथे जावे लागे. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला, ही घटना सर्वज्ञात आहे.

या परिस्थितीत महाविद्यालयीन शिक्षणाची पूर्वतयारी करून घेण्याचे काम मुख्यतः राष्ट्रीय शाळांनी केले. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाई येथील योगेश्वरी विद्यालय ही त्यांतील ठळक नावे. या दोन्ही शाळांशी स्वामी रामानंद तीर्थ यांचा अध्यापक म्हणून संबंध होता. शिक्षक व विद्यार्थी यांचे निकट साहचर्य, साधे राहणे आणि वेळेचे काटेकोर नियोजन ही या शाळांची वैशिष्ट्ये होती. ध्येय स्वातंत्र्याचे होते, गुणवत्ता यादीचे नव्हते. तथापि शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेरही विद्यार्थ्याची जबाबदारी उचलावी, हा संस्कार मराठवाड्याच्या शिक्षणात या शाळांनी रुजविला. पुढील काळातील घडामोडी समजून घेताना हा धागा नजरेआड करता येत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, तेव्हा शिक्षणाचा वारसा अत्यंत तुटपुंजा होता. १९५१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद राज्यातील साक्षरतेचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते. ज्या समाजात प्राथमिक शाळाच विरळ, तेथे महाविद्यालयाची पूर्वतयारी हा प्रश्न मूठभर घरांपुरताच मर्यादित राहणार, हे उघड आहे.

२. नांदेडचा प्रारंभिक प्रयोग

१९५० हे वर्ष मराठवाड्याच्या उच्च शिक्षणात निर्णायक ठरले. या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज उभे राहिले. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६३ मध्ये नांदेडात यशवंत महाविद्यालय व सायन्स कॉलेज यांची भर पडली.

पीपल्स कॉलेजच्या परंपरेत नरहर कुरुंदकर यांचे स्थान विशेष आहे. नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक म्हणून काम केल्यानंतर ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. विद्यार्थिदशेत इंटरच्या परीक्षेत अपयश पदरी आलेल्या या माणसाने इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र व संगीत या विषयांवर अधिकाराने लिहिले, व्याख्याने दिली आणि एक पिढी घडविली. परीक्षेतील यश आणि विद्वत्ता यांचा संबंध सरळ नसतो, याचे नांदेडच्याच मातीतील हे उदाहरण होय. लातूर पॅटर्नचे मूल्यमापन करताना ते स्मरणात ठेवणे उपयुक्त ठरते.

मात्र या पहिल्या पर्वाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. व्याख्यान, वाचन, वादविवाद व सहवास यांतून घडणारे हे शिक्षण ज्यांच्यापर्यंत पोहोचले त्यांना समृद्ध करून गेले. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर किंवा अभियंता होण्यासाठी राज्यातील इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीने गुण मिळवून देण्याची यंत्रणा त्यातून तयार झाली नाही. ती तयार करण्याचा हेतूही नव्हता.

३. दहा अधिक दोन : नवी चौकट

कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने १९७० च्या दशकात स्वीकारला. उच्च माध्यमिक टप्प्यावर विद्यार्थ्यांचा मोठा गट व्यवसाय शिक्षणाकडे वळावा, अशी आयोगाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलटे घडले. अकरावी व बारावी ही दोन वर्षे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाची शिडी बनली. बारावीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र किंवा गणित या विषयांचे गुण हाच प्रवेशाचा निकष असल्याने राज्य मंडळाची एक परीक्षा विद्यार्थ्याचे पुढचे आयुष्य ठरवू लागली.

याच काळात व्यावसायिक शिक्षणाच्या संधीही वाढत होत्या. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात सुरू झाले. नांदेड येथे १९८१ मध्ये श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय व १९८८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. १९८३ मध्ये राज्य शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी लातुरातही अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. बाजारपेठ म्हणून आधीच नाव असलेल्या या शहराला आता जिल्ह्याच्या ठिकाणाचे महत्त्व प्राप्त झाले.

याच सुमारास प्रादेशिक अनुशेषाची चर्चा ऐरणीवर होती. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन आणि १९८४ मध्ये सादर झालेला दांडेकर समितीचा अहवाल यांनी मराठवाड्याचे मागासलेपण पुराव्यानिशी पुढे आणले. रस्ते, सिंचन, उद्योग या बाबतींत विभाग मागे होता. उद्योग नाहीत, म्हणून नोकऱ्या नाहीत; शेती पावसावर अवलंबून, म्हणून उत्पन्नाची शाश्वती नाही. अशा स्थितीत मुलाचे शिक्षण हाच घर वर काढण्याचा मार्ग उरतो. लातूर पॅटर्नमागील सामाजिक रेटा येथे सापडतो.

४. लातूर पॅटर्न : उदय व कार्यपद्धती

लातूर येथे १९६१ मध्ये दयानंद शिक्षण संस्था स्थापन झाली होती. १९७० मध्ये शिव छत्रपती शिक्षण संस्थेने राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू केले. डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे संस्थापक प्राचार्य. त्यांच्या व प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या कारकिर्दीत विकसित झालेली कनिष्ठ महाविद्यालयातील अध्यापनाची रीत पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. महाविद्यालयाचे नावही या संदर्भात अर्थपूर्ण आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली होती. शिकण्याची संधी आणि राहण्याजेवणाची सोय यांचा अतूट संबंध त्यांनी ओळखला होता.

या पॅटर्नची मुख्य अंगे पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिले, बारावीचा अभ्यासक्रम लवकर संपविणे व त्यासाठी सुट्टीतही वर्ग घेणे. दुसरे, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे विश्लेषण करून प्रत्येक घटकाचे गुणभार विद्यार्थ्यांपुढे मांडणे. तिसरे, सराव परीक्षांची मालिका घेणे. चौथे, तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती देऊन गुण कोठे गेले हे त्याला दाखविणे. पाचवे, हुशार व कच्च्या विद्यार्थ्यांकडे स्वतंत्र लक्ष देणे व पालकांशी संपर्क ठेवणे.

यांपैकी एकही गोष्ट अभूतपूर्व नाही. अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात त्या सापडतील. नावीन्य होते ते त्या सर्व गोष्टी एकाच महाविद्यालयात, सर्व विषयांच्या प्राध्यापकांनी, वर्षानुवर्षे सातत्याने करण्यात. तपासलेली उत्तरपत्रिका परत देणे ही क्रिया वरवर किरकोळ वाटते. परंतु राज्य मंडळाच्या परीक्षेत विद्यार्थ्याला केवळ गुण कळत. ते का मिळाले वा गेले हे त्या काळी कळत नसे. ही अपारदर्शक परीक्षा लातूरच्या वर्गात उलगडून दाखविली जाई. व्याख्या कशी लिहावी, आकृतीला नावे कशी द्यावीत, सूत्र मांडून एकक कसे लिहावे, या बाबी शहरी सुशिक्षित घरातील मुलाला घरातून किंवा शिकवणीतून कळत. खेड्यातील मुलाला त्या सांगणारे कोणी नव्हते. हे अलिखित ज्ञान वर्गात, सर्वांसमोर सांगणे यात पॅटर्नचे लोकशाही मूल्य होते.

राज्य मंडळाच्या परीक्षेचे स्वरूपही या पद्धतीला अनुकूल होते. पाठ्यपुस्तक निश्चित, प्रश्नांचे प्रकार निश्चित आणि उत्तरे लेखी. अशा परीक्षेत नेटका सराव करणारा विद्यार्थी साधनसंपन्न विद्यार्थ्याला गाठू शकतो. लातूरच्या विद्यार्थ्यांनी ते करून दाखविले. दहावीच्या पातळीवर देशीकेंद्र, केशवराज यांसारख्या शाळांनी हीच दिशा धरली. गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली आणि पुणे-मुंबईची मक्तेदारी मोडली, अशी भावना विभागभर पसरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने जिल्हा उद्ध्वस्त झालेला असताना लातूरची ही दुसरी ओळख लोकांना धीर देणारी होती.

या यशामागे दिसत नसलेले एक श्रमाचे जाळेही होते. गावाहून एसटीने येणारा डबा, भाड्याच्या खोलीत तिघाचौघांचे राहणे, मुलासाठी शहरात खोली करून राहिलेली आई आणि गावाकडे शेत सांभाळणारा बाप, ही चित्रे लातूर व नांदेड या दोन्ही शहरांत परिचयाची आहेत. लातूर पॅटर्नचा इतिहास प्राध्यापकांच्या कष्टाइतकाच या कुटुंबांच्या काटकसरीचाही इतिहास आहे.

५. परीक्षेतील बदल आणि सूत्रांचे स्थलांतर

१९९० च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय प्रवेशासाठी राज्यस्तरीय सामायिक प्रवेश परीक्षा आली. पुढील दशकात अभियांत्रिकी प्रवेशालाही ती लागू झाली. २०१३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील ‘नीट’ घेण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली आणि २०१६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. या बदलाचे परिणाम दूरगामी होते.

लेखी उत्तरांची जागा बहुपर्यायी प्रश्नांनी घेतली. आता मांडणीपेक्षा वेग व अचूक निवड यांना महत्त्व आले. उत्तरपत्रिका वाचून विद्यार्थ्याला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाचे कौशल्य प्रवेशाच्या दृष्टीने गौण ठरले. सराव चाचण्या मोठ्या संख्येने घेणे, त्यांचे यंत्राद्वारे गुणांकन करणे व क्रमवारी लावणे ही कामे व्यावसायिक पद्धतीने करता येतात. ‘नीट’मुळे राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकाऐवजी राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकांना महत्त्व आले. परिणामी पॅटर्नचे केंद्र महाविद्यालयाच्या वर्गातून खाजगी शिकवणी वर्गांकडे सरकले. लातुरात उद्योग भवन परिसर शिकवण्यांचे केंद्र बनला. नांदेडातही खाजगी वर्गांची मोठी वसाहत उभी राहिली आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत नांदेडने लातूरची बरोबरी करण्याइतका नावलौकिक मिळविला.

येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. मूळ पॅटर्न अनुदानित महाविद्यालयात उभा राहिला होता. प्राध्यापकाचे वेतन शासन देत होते. त्यामुळे जादा तासांचा भार मुख्यतः शिक्षकाच्या निष्ठेवर पडे, पालकाच्या खिशावर नव्हे. नव्या व्यवस्थेत तीच कार्यपद्धती शुल्काच्या मोबदल्यात मिळू लागली. पद्धत तीच राहिली, पण तिचा लाभार्थी बदलला. ज्याच्याकडे साधने नव्हती त्याच्यासाठी जे घडविले गेले, ते ज्याची ऐपत आहे त्याला आधी मिळू लागले. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच शहराच्या अर्थव्यवस्थेत बाहेरगावचे विद्यार्थी, वसतिगृहे व खानावळी यांना मोठे स्थान आहे. पाणी, उद्योग व शेती यांच्या अभावात शिक्षण हाच उद्योग बनण्याची ही प्रक्रिया मराठवाड्याच्या अनुशेषाचीच दुसरी बाजू होय.

६. ७०:३० सूत्र आणि बदललेली मागणी

पॅटर्नचे यश कशात मोजावे, या प्रश्नाचे एक उत्तर गुणवत्ता यादीबाहेर सापडते. महाराष्ट्रात राज्य कोट्यातील वैद्यकीय प्रवेशासाठी ७०:३० हे प्रादेशिक सूत्र दीर्घकाळ लागू होते. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशा विभागणीत ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के जागा संपूर्ण राज्यासाठी अशी ही व्यवस्था होती. मागास विभागातील विद्यार्थ्यांना आपल्या विभागात संधी मिळावी, हा संरक्षक हेतू त्यामागे होता.

कालांतराने हे संरक्षण मराठवाड्यालाच जाचक वाटू लागले. औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड व २००२ मध्ये सुरू झालेले लातूर अशी मोजकीच शासकीय वैद्यकीय महाविद्यालये विभागात होती. जागा कमी आणि उत्तम गुण मिळविणारे विद्यार्थी अधिक, यामुळे येथे प्रवेशाची गुणरेषा वर राहू लागली. कमी गुणांवर अन्य विभागात प्रवेश मिळत असताना मराठवाड्यातील विद्यार्थी मागे राहतो, अशी तक्रार पुढे आली. सूत्र रद्द करण्याची मागणी मराठवाड्यातून झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ते रद्द केल्याचे विधिमंडळात जाहीर केले.

इतिहासाच्या दृष्टीने ही घटना लक्षणीय आहे. १९७४ मध्ये अनुशेष भरून मागणारा विभाग २०२० मध्ये या एका क्षेत्रात खुल्या स्पर्धेची मागणी करीत होता. दोन पिढ्यांतील या आत्मविश्वासात लातूर व नांदेड येथील अध्यापनपरंपरेचा वाटा मोठा आहे. त्याचबरोबर वैद्यकीय जागांचा मूळ अनुशेष तसाच होता, म्हणूनच ही मागणी करावी लागली, हेही विसरता येत नाही.

७. मर्यादा

पॅटर्नच्या मर्यादा आता स्पष्ट झाल्या आहेत. पहिली मर्यादा विषयांची आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र व गणित यांभोवती सर्व शक्ती एकवटल्याने भाषा व सामाजिक शास्त्रे दुय्यम ठरली. पीपल्स कॉलेजच्या परंपरेत जे केंद्रस्थानी होते, ते परिघावर गेले. दुसरी मर्यादा करिअरच्या कल्पनेची आहे. डॉक्टर व अभियंता या दोन शब्दांत यशाची व्याख्या संपली. कोठारी आयोगाला अभिप्रेत असलेले व्यवसाय शिक्षण उपेक्षित राहिले. तिसरी मर्यादा मानवी आहे. जागा मर्यादित असल्याने बहुसंख्य विद्यार्थी प्रवेशाबाहेर राहणार, हे गणित आधीच ठरलेले असते. त्यांच्यासाठी पॅटर्नकडे उत्तर नाही. पुन्हा एकदा परीक्षा देण्यात वर्ष घालविणे हाच पर्याय अनेकांपुढे उरतो.

चौथी मर्यादा नैतिक आहे. एका परीक्षेवर इतके काही अवलंबून असते, तेव्हा गैरमार्गाचा मोह वाढतो. जून २०२४ मध्ये ‘नीट’मधील गैरप्रकारांसंदर्भात लातूर येथेही गुन्हा दाखल झाला आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या प्रकरणावरून संपूर्ण लातूरच्या यशाला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरेल. ज्या पद्धतीचा पाया उत्तरपत्रिका उघडून दाखविण्याच्या पारदर्शकतेत होता, तिच्या भूमीत असा प्रश्न उपस्थित व्हावा, याची खंत मात्र शिक्षकांना वाटल्याखेरीज राहत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या पूर्वतयारीचे तीन टप्पे दिसतात : राष्ट्रीय शाळांचा ध्येयवादी टप्पा, अनुदानित महाविद्यालयांचा संस्थात्मक टप्पा आणि खाजगी शिकवण्यांचा व्यावसायिक टप्पा. लातूर पॅटर्न दुसऱ्या टप्प्याचे अपत्य असून त्याला पहिल्या टप्प्यातील शिक्षकनिष्ठेचा वारसा होता. परीक्षेचे स्वरूप बदलताच तो तिसऱ्या टप्प्यात ओढला गेला. म्हणजेच पूर्वतयारीची पद्धत परीक्षा ठरविते आणि परीक्षा कोण ठरवितो यावर त्या पद्धतीचा लाभ कोणाला मिळणार हे अवलंबून असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नववी ते बारावी हा एकसंध टप्पा मानते आणि विषयनिवडीची लवचिकता सुचविते. या चौकटीत कनिष्ठ महाविद्यालयांचे स्थान काय राहील, हा प्राध्यापकांपुढील निकडीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना लातूरच्या इतिहासातील एक गोष्ट जपून ठेवण्याजोगी आहे. तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन प्राध्यापक विद्यार्थ्याशेजारी बसला आणि ‘येथे तुझा गुण गेला’ असे त्याने दाखविले, तेथे या पॅटर्नचा आरंभ झाला. त्या कृतीला शुल्क नव्हते आणि ती वैद्यकीय प्रवेशापुरती मर्यादित राहण्याचेही कारण नाही. इतिहासाच्या, मराठीच्या किंवा वाणिज्याच्या वर्गातही ती तितकीच शक्य आहे. नांदेडच्या ज्ञानपरंपरेची व्याप्ती आणि लातूरच्या अध्यापनाची शिस्त यांचा मेळ अनुदानित महाविद्यालयांनी घातला, तर मराठवाड्यातील सामान्य घरातील विद्यार्थ्याला त्याचा मूळ हक्क परत मिळू शकेल.